मोतीचे प्रशिक्षण आणि आमचेही

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इंदूरच्या घरी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आले. बाबांच्या एका मित्राच्या कुत्रीला आठ पिल्ले झाली होती. त्यातले एक काळे पिल्लू बाबांनी माझ्यासाठी आधीच सांगून ठेवले होते. घरी आले तेव्हा ते आठ आठवड्यांचे होते. मला त्याचे नाव रॉकी ठेवायचे होते, पण आजीने त्याला पहिल्याच हाकेत ‘मोती’ केले. काळ्या कुत्र्याचे नाव मोती कसे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आमच्या वेळी सगळे कुत्रे मोतीच असायचे.”

त्याच संध्याकाळी आईने अट घातली. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि ती काठी घेऊन चालते. लॅब्रॅडॉर मोठा झाला की तीस किलोच्या आसपास भरतो. एवढ्या वजनाच्या कुत्र्याने लाडाने उडी मारली तरी आजी पडणार. आई म्हणाली, “तुझी सुट्टी पंचेचाळीस दिवसांची. तू शाळेत परत जाशील, हा आमच्याजवळ राहील. तेवढ्या दिवसांत हा आजीच्या अंगावर उडी मारायचा थांबला नाही, तर काकांकडे परत द्यायचा.”

मला ही अट सोपी वाटली. आमचे ड्रिलचे उस्ताद एका आवाजात साठ कॅडेट्स जागच्या जागी थांबवतात. मग एक पिल्लू ते काय! ते पंचेचाळीस दिवस कसे गेले, हे चुकांसकट लिहितो, कारण सुट्टीत घरी पिल्लू आणायचा विचार करणारे माझ्याच हाउसमध्ये चार जण आहेत.

लॅब्रॅडॉर असा का वागतो?

लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांबरोबर ते बोटीवर असत आणि थंडगार पाण्यात उडी मारून सुटलेले मासे व जाळ्यांचे दोर तोंडात धरून आणत. एकोणिसाव्या शतकात हे कुत्रे इंग्लंडला गेले. तेथे शिकार केलेले पक्षी दातांचा व्रण न उमटू देता उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. म्हणजे दिसेल ती वस्तू तोंडात धरणे हा लॅब्रॅडॉरचा खोडकरपणा नाही. ते त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे.

दुसरी गोष्ट भूक. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो. अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते आणि त्यांचे वजन लवकर वाढते. लॅब्रॅडॉर खाऊसाठी काहीही शिकायला तयार होतो, हा आपला फायदा. पण शिकवताना दिलेला खाऊ त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करावा लागतो, नाहीतर तो लठ्ठ होतो आणि त्याचे सांधे दुखतात.

काम करायची आवड, माणसांची ओढ आणि तीक्ष्ण नाक यांमुळे आपल्या सैन्यात आणि पोलिसांत लॅब्रॅडॉर मोठ्या संख्येने आहेत. सैन्याच्या श्वानांचे प्रशिक्षण मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात होते. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी मुंबईत स्फोटके शोधणारा पोलिसांचा झंजीर लॅब्रॅडॉर होता. २०१५ मध्ये काश्मीरमध्ये घुसखोरांशी लढताना आपल्या हँडलरबरोबर वीरमरण आलेली मानसीही लॅब्रॅडॉरच. स्फोटकांचा वास लागला की असा कुत्रा भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. तो त्या जागी शांतपणे बसतो, कारण उकरले तर स्फोट होऊ शकतो. घरी आपण पिल्लाला सगळ्यात आधी ‘बसायला’ शिकवतो. त्याच बसण्यावर पुढे जवानांचे प्राण अवलंबून असतात.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काही शिकवायचेच नसते, फक्त वेळापत्रक लावायचे असते. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपते. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते. लघवी रोखण्याची त्याची क्षमता वयाइतकी, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची साधारण दोन तास, असा ढोबळ हिशेब आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्याला बाहेर न्यायचे, नेहमी एकाच जागी. शू झाली की तिथेच शाबासकी आणि खाऊ द्यायचा, घरात परत आल्यावर नाही. पहिले दहा दिवस मी रात्री दोन वाजता आणि पहाटे पाच वाजता उठलो. आमच्या पीटीच्या शिटीची सवय कामी आली.

घरात शू झाली तर ओरडून उपयोग नसतो. पिल्लाला एवढेच कळते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करते. जागा नीट पुसून वास पूर्ण घालवायचा, कारण वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जाते.

लसीबद्दल पालकांनी विशेष लक्ष द्यावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरची लस पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चौथ्या महिन्यापर्यंत चालते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास देतात. हे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडायचे नाही. पण जगाची ओळख होण्याचे त्याचे वयही नेमके हेच, साधारण तीन ते चौदा आठवडे. म्हणून मी मोतीला कडेवर घेऊन रोज गल्लीच्या टोकापर्यंत जात असे. रिक्षा, प्रेशर कुकरची शिटी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, सगळे त्याने माझ्या कडेवरून पाहिले.

पिल्लाचे दात लागून रक्त आले, तर खेळता खेळता लागले म्हणून सोडून देऊ नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

‘बस’ म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या आठवड्यात मी ‘सिट’ शिकवायला सुरुवात केली. कृती अगदी सोपी आहे. खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकल्याक्षणी ‘शाबास’ म्हणून तुकडा द्यायचा. ही कृती जमू लागल्यावर तिला शब्द जोडायचा.

यात क्षण फार महत्त्वाचा आहे. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. मोती बसायचा, मी खिशात खाऊ शोधायचो आणि तोपर्यंत तो उठून उभा राहायचा. तेव्हा मी त्याला तुकडा द्यायचो. तीन दिवसांनी माझी धाकटी बहीण म्हणाली, “दादा, तू त्याला उठायचं बक्षीस देतोयस.” ती पाचवीत आहे, पण तिचे बरोबर होते. तेव्हापासून मी खाऊ आधीच मुठीत ठेवू लागलो.

तरीही मोती कधी बसायचा, कधी नाही. एका संध्याकाळी मी नुसते बसून सगळ्यांचे बोलणे ऐकले. मी ‘सिट’ म्हणत होतो. आई ‘बस’ म्हणत होती. आजी ‘खाली बस रे बाळा’ म्हणत होती. कामाला येणाऱ्या ताई ‘बैठ’ म्हणत होत्या. आणि मोती बहिणीचे तोंड चाटायला लागला की ती हसत ओरडायची, “बस, बस, बस!” आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे तिचे हे ‘बस’ हिंदीतले, म्हणजे ‘पुरे’. एकाच शब्दाचा आईच्या तोंडी अर्थ ‘खाली टेक’ आणि बहिणीच्या तोंडी ‘चाटू नको’. बिचाऱ्या मोतीने त्याचा अर्थ ‘हे लोक काहीतरी बोलत आहेत’ असा लावला होता.

त्या रात्री आमची घरात बैठक झाली. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि त्यावर पाच शब्द लिहिले : बैठ, थांब, सोड, ये, चल. दुसरे कोणतेही शब्द वापरायचे नाहीत. ‘बैठ’ला आजीने हरकत घेतली. “माझ्या घरात कुत्र्याशी हिंदी बोलायचं?” मी म्हणालो, “आजी, आमच्या परेडच्या सगळ्या आज्ञा हिंदीतच असतात.” मग ती म्हणाली, “फौजेतला आहे होय? मग असू दे.”

शब्दाबरोबर हाताची खूणही ठरवली. कुत्रे एकमेकांशी शरीराच्या हालचालींनी बोलतात, म्हणून त्यांना हाताच्या खुणा शब्दांपेक्षा लवकर समजतात. उघडा तळवा छातीपुढे धरला की बसायचे. आजीचा एक हात काठीवर असतो, दुसरा मोकळा असतो. ही खूण तिच्यासाठीच होती.

ड्रिलमधली एक गोष्ट येथे कामाला आली. वर्ड ऑफ कमांडचे दोन भाग असतात. पहिला सावध करतो, दुसऱ्यावर हालचाल होते. ‘दाहिने’ ऐकून आपण तयार होतो, ‘मुड़’ ऐकून वळतो. पिल्लाचे नाव हा पहिला भाग. आधी ‘मोती’ म्हणायचे, त्याने आपल्याकडे पाहिले की मग ‘बैठ’. आणि एकदाच म्हणायचे. ‘बैठ, बैठ, अरे बैठ ना’ असे म्हटले की चौथ्या हाकेला बसायचे असते, असेच ते शिकते.

उडी थांबवणे

पिल्लू उडी मारते कारण त्याला आपल्या चेहऱ्यापर्यंत पोचायचे असते. आपण ‘खाली उतर’ म्हणून त्याला हाताने ढकलले तरी त्याला हवे ते मिळते. आपण त्याच्याकडे पाहिले, बोललो, हात लावला. म्हणून उडी मारली की काहीच बोलायचे नाही, हात बांधून पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच वळून खाली वाकून लाड करायचे.

चार-पाच दिवसांनी उड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. मी घाबरलो. पण त्यालाही कारण आहे. आतापर्यंत चालणारी युक्ती अचानक चालेनाशी झाली की सोडून देण्याआधी कुत्रा ती आणखी जोरात करून पाहतो. आपलेही तसेच असते. टीव्हीचा रिमोट चालला नाही की आपण बटण आणखी जोरात दाबतो. याच वेळी घरातल्या एकाने जरी हार मानली, तर ‘जास्त जोरात उडी मारली की मिळते’ हा नवा धडा पक्का होतो. शेजारचे काका नेमके तेव्हाच आले आणि “अरे, कुछ नहीं होता” म्हणत उडी मारणाऱ्या मोतीला थोपटू लागले. त्यांना सांगायला मला संकोच वाटला, पण सांगितले. पिल्लाला शिकवण्यापेक्षा मोठ्या माणसांना शिकवणे अवघड असते.

आजीबरोबरचा सराव शेवटी ठेवला. आधी आजी खुर्चीत बसलेली आणि मोती माझ्या हातातल्या पट्ट्याला. मग आजी भिंतीला टेकून उभी. मग आजी चालत येताना. प्रत्येक वेळी तिने तळवा दाखवायचा, तो बसला की खाऊ तिनेच द्यायचा. दिवसातून चार वेळा, एका वेळी तीन ते पाच मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. छोटे पिल्लू लवकर कंटाळते. मे महिन्यात तर सराव सकाळी सात वाजायच्या आत आणि दिवे लागल्यावरच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेर नेण्याआधी आपला उलटा तळहात रस्त्यावर पाच सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

माझी चूक

विसाव्या दिवशी मोतीने माझे परेडचे बूट कुरतडले. दोन सत्रे घासून आणलेली टोकावरची चमक गेली आणि चामडेही फाटले. मी ‘मोती, ये’ अशी हाक मारली. तो शेपटी हलवत धावत आला. मी बूट त्याच्या नाकासमोर धरला आणि त्याच बुटाने त्याला मारले. त्याने तिथेच शू केली आणि पलंगाखाली जाऊन बसला.

मला वाटले, आता त्याला समजले. प्रत्यक्षात काय झाले होते? बूट त्याने अर्ध्या तासापूर्वी कुरतडला होता. त्या दोन गोष्टींचा संबंध त्याला लावता येणे शक्य नव्हते. ‘चूक कळल्यासारखा’ त्याचा चेहरा म्हणजे माझ्या रागाची भीती होती. माराआधी त्याने एकच गोष्ट केली होती. मी बोलावले म्हणून तो आला होता. म्हणजे मार मिळाला तो येण्याबद्दल. बूट खाटेखाली उघडा ठेवला होता मीच.

चार दिवसांनी सकाळी दूधवाल्यासाठी उघडलेल्या फाटकातून मोती बाहेर निसटला. मी ड्रिलच्या आवाजात ओरडलो, “मोती, ये!” तो थांबला. माझ्याकडे वळून पाहिले. आणि कान पाडून उलट्या दिशेने, रस्त्याकडे पळाला. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक लावला. चाक आणि मोती यांच्यात हातभर अंतर राहिले असेल.

मी त्याच्यामागे धावणार, तेवढ्यात आजी पायरीवर खाली बसली आणि खाऊच्या डब्याचे झाकण वाजवू लागली. ती ओरडली नाही. मोती धावत तिच्याजवळ आला. मी रागाने पुढे झालो, तर तिने हात आडवा केला. “आलाय ना तो? मग आधी खाऊ. नाहीतर उद्या माझ्याकडेही यायचा नाही.”

त्या दिवशी मला उस्तादांची आठवण वेगळ्या कारणाने झाली. ड्रिल म्हणजे मोठा आवाज, असे मी धरून चाललो होतो. पण उस्ताद आम्हाला सलामी पहिल्या दिवशी एकदम शिकवत नाहीत. ‘गिनती से’ शिकवतात, एक, मग दोन. आणि चुकले की त्यांचा एकच हुकूम असतो, ‘जैसे थे’. पुन्हा आधीच्या जागी या आणि पुन्हा करा. कुत्र्याच्या शिक्षणातही हेच असते. जमले नाही तर आदली सोपी पायरी, आणि तिथून पुन्हा.

माझा ‘ये’ हा शब्द खराब झाला होता. फ्रिजवरच्या कागदावर तो खोडून ‘इकडे’ लिहिला आणि शून्यापासून सुरुवात केली. हॉलमध्ये दोन पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात लांब दोरी बांधून. प्रत्येक वेळी आला की खाऊ. अंघोळ घालायची असेल, औषध द्यायचे असेल किंवा खेळ संपवायचा असेल, तर त्याला हाक मारायची नाही, आपण जाऊन आणायचे. आल्यावर त्याला वाईट अनुभव कधीही यायला नको. बूट कपाटात गेले आणि त्याला चावायला रबराचे खेळणे मिळाले. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे बेचाळीस दात येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. चावायला हक्काचे काहीतरी द्यावेच लागते.

पंचेचाळीसावा दिवस आणि दिवाळी

मी शाळेत परत निघालो त्या सकाळी आजी काठी टेकत दारापर्यंत आली. मोती धावत तिच्याकडे गेला. तिने तळवा दाखवला. त्याचे सगळे अंग हलत होते, पण बूड जमिनीला टेकलेले होते. आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या बॅगेची चेन लावली आणि म्हणाली, “लसीची तारीख कॅलेंडरवर लिहून जा.”

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मोती जवळजवळ आठ महिन्यांचा आणि सव्वीस किलोंचा झाला होता. मला पाहताच त्याने माझ्या छातीपर्यंत उडी मारली आणि मीही नियम विसरून त्याला मिठी मारली. आजी मात्र उभी राहिली की तो अजूनही बसतो. आणि मी ‘इकडे’ म्हणालो, तर तो आधी आजीकडे पाहतो, मग माझ्याकडे येतो. सुरुवातीला मला जरा वाईट वाटले. पण रोज पहाटे त्याला बाहेर नेणारी आई आहे, डबा वाजवणारी आजी आहे. मी वर्षातून दोनदा येणारा पाहुणा आहे.

म्हणून मित्रांनो, पिल्लू मागण्याआधी घरी एक प्रश्न विचारा. आपण शाळेत परत गेल्यावर पहाटे पाच वाजता त्याला बाहेर कोण नेणार? लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षे जगतो, आपली सुट्टी पंचेचाळीस दिवसांची असते. उत्तर द्यायला घरात कोणी तयार असेल तरच आणा, आणि सुट्टीत पिल्लाबरोबर त्या माणसालाही शिकवा.

फ्रिजवरचा तो कागद अजून आहे. पाच शब्दांखाली आईने आपल्या अक्षरात सहावी ओळ लिहिली आहे : ‘सुट्टीत आलेल्यांनी सुद्धा नियम पाळावेत.’